शराव: झळ की मृगजळ?

गेल्या आठवड्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. बायबलमध्ये उष्णतेसाठी 'शराव' असा एक हिब्रू शब्द आहे म्हणे. त्याच्या अक्षरांची बेरीज ५०२ येते आणि त्यात विश्वाचं रहस्य दडलंय, वगैरे. बेरीज बरोबर आहे: शीनचे ३००, रेशचे २००, बेतचे २. हिब्रूत अक्षरंच आकडे म्हणूनही वापरत, त्यामुळे प्रत्येक शब्दाची बेरीज येतेच. किराणा सामानाची यादी हिब्रूत लिहिलीत तर तिचीही येईल. रहस्याचं मी सोडून दिलं, पण शब्द मात्र डोक्यात राहिला, कारण त्याची खरी गंमत त्या बेरजेपेक्षा कितीतरी मोठी आहे.

साध्या उष्म्यासाठी हिब्रूत 'होम' हा शब्द आहे. अब्राहाम भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेला असतो तिथे तोच येतो. 'हेमा' म्हणजे राग. आपण कुणाला 'तापट' म्हणतो तीच चाल. 'शराव' मात्र हिब्रू बायबलमध्ये फक्त दोनदा येतो, दोन्ही वेळा यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात. ४९व्या अध्यायात, परतीच्या वाटेवरच्या लोकांना शराव आणि सूर्य मारणार नाहीत, असं वचन आहे. इथे अर्थ उघड आहे, भाजून काढणारी उष्णता. पण ३५व्या अध्यायात म्हटलंय, 'शरावाचं तळं होईल.' उष्णतेचं तळं कसं होणार? जुन्या ग्रीक अनुवादकांनी इथे 'निर्जल जागा' असं करून वेळ मारून नेली. १७व्या शतकातल्या इंग्रजी अनुवादात 'करपलेली जमीन' आहे.

शेजारच्या अरबीत 'सराब' आहे. हिब्रूतला 'श' अरबीत पुष्कळदा 'स' होतो, शालोम आणि सलाम हे त्यातलंच. (आपल्या 'शराब'शी याचा संबंध नाही, ते धातूच वेगळे.) सराब म्हणजे मृगजळ. कुराणाच्या २४व्या सुरेत, म्हणजे अध्यायात, तहानलेला माणूस सराबाला पाणी समजतो आणि जवळ गेल्यावर त्याला काहीच सापडत नाही. हा अर्थ घेतला की ओळ लख्ख होते: मृगजळाचं खरंखुरं तळं होईल. पण मग दुसऱ्या ओळीचं काय? मृगजळ कुणाला मारत नाही. अभ्यासक यावर बराच काळ वाद घालत आले आहेत. मला विचाराल तर भौतिकशास्त्राच्या बाजूने हा वाद फार मोठा नाही. ज्या हवेने अंग भाजतं, त्याच हवेमुळे मृगजळ दिसतं.

मृगजळाला आपण 'डोळ्यांचा भ्रम' म्हणतो. तो भ्रम नाही. मोबाइलने फोटो काढा, फोटोतही येतं. डोळ्यात शिरणारा प्रकाश खरा असतो. फक्त तो आकाशातून निघून, जमिनीजवळ वळून, खालून आलेला असतो. रस्त्यावर चमकतो तो आभाळाचाच तुकडा. एरवी जमिनीवर आभाळ दिसतं ते पाण्यातच, म्हणून मेंदू त्याला पाणी ठरवतो. मेंदूची चूक एवढीच.

पण प्रकाश वळतो कशामुळे? शाळेच्या पुस्तकात 'हवेचे थर आणि पूर्ण आंतरिक परावर्तन' असं उत्तर असतं आणि मला ते कधीच पटलं नाही. थराथरातून जाता जाता किरण आडवा झाला, इथपर्यंत ठीक. आडवा झाल्यावर त्याने वर का यावं? वर-खाली तर तो आता जातच नाहीये.

किरण म्हणजे एक रेघ, हे चित्र सोडावं लागतं. त्याऐवजी लेझीम पथकाची आडवी रांग डोळ्यांसमोर आणा. रांगेचं एक टोक डांबरी रस्त्यावर आहे, दुसरं नांगरलेल्या ढेकळांत. ढेकळांतली मुलं मागे पडतात, रस्त्यावरची पुढे सरकतात आणि कुणी हुकूम न देता अख्खी रांग ढेकळांकडे वळते. प्रकाशाच्या तरंगालाही अशीच रुंदी असते. जमिनीलगतची तापलेली हवा विरळ, तिथे प्रकाश किंचित वेगाने जातो. वरच्या गार, दाट हवेत किंचित हळू. म्हणून तरंग वर, गार हवेकडे वळत राहतो. आडवा झाला तरी रुंदी असतेच, त्यामुळे वळणं थांबत नाही. परावर्तन करणारा असा कुठला पृष्ठभागच तिथे नसतो.

आता थोडं गणित. हवेचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वातापेक्षा तिथे प्रकाश किती पट हळू जातो तो आकडा, ४० अंश सेल्सिअसला सुमारे १.०००२५५, ६० अंशांना १.०००२४०. फरक ०.००००१५. त्याची दुप्पट करून वर्गमूळ काढलं की किरण जास्तीत जास्त किती तिरपा येऊन परत वर वळू शकतो, तो कोन रेडियनमध्ये मिळतो: सुमारे ०.००५५, म्हणजे एक तृतीयांश अंशही नाही. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदीसुद्धा अर्धा अंश असते. डोळे जमिनीपासून दीड मीटरवर असतील, तर दीडला या कोनाने भागा: २७० मीटर. मृगजळाचा अलीकडचा काठ तुमच्यापासून तेवढ्या अंतरावर. तुम्ही शंभर पावलं चाललात की काठही शंभर पावलं पुढे, कारण कोन तुमच्या डोळ्यांशी बांधलेला आहे. मात्र खाली बसलात, डोळे पाऊण मीटरवर आले, की काठ निम्म्या अंतरावर येतो. उंटावर बसलात तर दुप्पट लांब. मे महिन्यात गाडी पंक्चर झाली असताना मी रस्त्याकडेला उठाबशा काढून हे पाहिलंय. चाक बदलणारा भाचा माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती अजून आठवते.

१७९८मध्ये नेपोलियनचं सैन्य इजिप्तच्या वाळवंटातून चाललं होतं. सैनिकांना समोरची गावं तळ्यातल्या बेटांसारखी दिसत. पाण्यासाठी जीव कासावीस आणि पाणी पुढे पुढे पळतंय. सोबत गास्पार मोंज हा गणिती होता. त्याने याचं कारण तापलेल्या वाळूलगतच्या हवेत शोधलं. यशयाला हे ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असायची गरजही नव्हती. 'आमच्या ग्रंथात आधीच होतं' म्हणणाऱ्यांनी, 'मृगतृष्णा' शब्दावर छाती फुगवणाऱ्या आपल्यातल्यांनीसुद्धा, पाहणं आणि कारण सांगणं यांतला फरक एकदा समजून घ्यावा.

आजच्या हिब्रूत शराव म्हणजे उष्णतेची लाट. वसंतात उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याने कमी दाबाची क्षेत्रं पूर्वेला सरकतात आणि त्यांच्यापुढे वाळवंटातली कोरडी, धुळकट हवा इस्राएलवर येते. यरुशलेमच्या डोंगरावरून मृत समुद्राकडे उतरणारी हवा सुमारे १२०० मीटर खाली येते. दाबली जाऊन कोरडी हवा दर किलोमीटरला जवळपास १० अंश तापते, म्हणजे निव्वळ उतरण्याने १२ अंश. कोकणातून गेलेले कितीतरी मराठीभाषक बेने इस्राएल ज्यू नेगेव वाळवंटातल्या दिमोना, बेरशेबा या गावांत स्थायिक झाले. त्यांच्या हवामानाच्या बातम्यांत हा शब्द येतोच. मृगजळाला मात्र तिथे आता चक्क इटालियन 'फाटा मॉर्गाना' म्हणतात. यशयाच्या शब्दाचा अर्धा अर्थ असा हातचा गेला.

मराठीत भाषांतर करायचं झालं तर ३५व्या अध्यायात 'मृगजळ' ठेवावं लागेल आणि ४९व्यात 'झळ'. 'त्यांना झळ लागणार नाही.' तिथलं हिब्रू क्रियापद मारण्याचं, तडाखा देण्याचं आहे, आणि आपल्याकडेही उन्हाचा तडाखाच बसतो.