कुडकुडता न येणारे पिल्लू

गेल्या जुलैमध्ये, गोव्यातल्या आमच्या डिचोलीत दोन दिवस पाऊस थांबायचे नाव घेत नसताना, शेजारच्या काकी रात्री नऊच्या सुमारास पदराखाली काहीतरी झाकून आमच्या दारात उभ्या राहिल्या. पडवीच्या पागोळ्यांखाली त्यांना मांजरीचे एक पिल्लू सापडले होते. त्याचे डोळे मिटलेले होते, बेंबीला वाळलेल्या नाळेचा तुकडा अजून चिकटलेला होता, म्हणजे ते फार तर चार दिवसांचे असावे. काकींनी दुधाची वाटी आणि चमचा सोबतच आणला होता. "सकाळपासून पोटात काही नसेल त्याच्या, आधी दूध घाल," असे त्या कळवळून म्हणाल्या. बारा वर्षांपूर्वी अशाच एका रात्री मी अगदी तेच केले होते. गाईचे कोमट दूध चमच्याने पाजलेले ते पिल्लू पहाटेपर्यंत मेले आणि त्याच्या नाकपुड्यांशी दुधाचा फेस होता. ते भुकेने मेले, आपल्याला उशीर झाला, अशी मी तेव्हा समजूत करून घेतली होती. प्रत्यक्षात त्याला थंडीने दुबळे केले होते आणि मी पाजलेल्या दुधाने त्याचा जीव घेतला होता. हे कसे घडते, ते समजून घेतल्यापासून पावसाळ्यात पिल्लू उचलणाऱ्या प्रत्येकाला ते सांगावे असे मला वाटत आले आहे.

गोव्यात कसली आली आहे थंडी, हा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. पावसाळ्यातल्या रात्री आपल्याकडे पारा साधारण २४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि पातळशी चादर आपल्याला पुरते. परंतु पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला भोवतालची हवा ३० ते ३२ अंश असावी लागते, कारण त्याहून थंड हवेत त्याला आपले तापमान एकट्याने टिकवता येत नाही. प्रौढ मांजराचे शरीर ३८ ते ३९ अंशांवर चालते. नवजात पिल्लाचे तापमान मुळातच ३५ ते ३६.५ अंशांच्या आसपास असते आणि प्रौढांच्या पातळीला यायला त्याला जवळजवळ चार आठवडे लागतात. तोपर्यंत आईचे पोट आणि भावंडांचा ढीग हीच त्याची शेगडी असते. आपल्याला सुखद वाटणारी ती २४ अंशांची रात्र एकट्या, ओल्या पिल्लासाठी जीवघेणी ठरते.

याचा काही भाग निव्वळ भूमितीचा आहे. उष्णता शरीराच्या पृष्ठभागातून निसटते आणि ती तयार होते आकारमानात. नवजात पिल्लू सुमारे १०० ग्रॅमचे असते, तर चांगली पोसलेली मांजर ४ किलोंची, म्हणजे वजनात चाळीस पट. पृष्ठभाग मात्र चाळीस पट वाढत नाही, जेमतेम बारा पट वाढतो. त्यामुळे एका ग्रॅम वजनामागे पिल्लाची जवळजवळ साडेतीन पट कातडी हवेला उघडी असते. त्यात अंग ओले असेल तर हिशेब आणखी वाईट होतो. एक ग्रॅम पाणी वाफ होऊन जायला सुमारे २,४०० जूल उष्णता लागते, आणि १०० ग्रॅमच्या पिल्लाचे तापमान एका अंशाने उतरायला सुमारे ३५० जूल उष्णता निघून जाणे पुरते. म्हणजे अंगावरचे एक ग्रॅम पाणी, जेमतेम वीस थेंब, सगळी उष्णता पिल्लाच्याच शरीरातून घेऊन वाळले, तर त्याचे तापमान जवळजवळ ७ अंशांनी उतरू शकते. आपल्या दमट हवेत पाणी सावकाश वाळते आणि काही उष्णता हवेतूनही येते हे खरे. तरी ओली लव अंगाला चिकटली की केसांमध्ये अडकलेल्या हवेचे पांघरूण जाते, आणि तो तोटा काही कमी नसतो.

थंडी वाजली की आपण कुडकुडतो. स्नायू भराभर आखडतात व सैल होतात, आणि त्यातून उष्णता निर्माण होते. मांजराच्या पिल्लाला पहिले सहा-सात दिवस कुडकुडताच येत नाही, कारण ती प्रतिक्षिप्त क्रिया अजून विकसित झालेली नसते. त्यामुळे गारठलेले पिल्लू थरथरत नाही, ते फक्त मंद होत जाते. पाहणाऱ्याला ते शांत झोपल्यासारखे दिसते. मग हे पिल्लू पहिल्या आठवड्यात ऊब निर्माण करते तरी कशी? इथे मला ज्या पेशीचे अतोनात कौतुक आहे, तिची गोष्ट येते.

आपल्या ओळखीची चरबी पांढरी असते आणि तिचे काम साठवण्याचे असते. नवजात सस्तन प्राण्यांच्या खांद्यांच्या मध्ये आणि मूत्रपिंडांभोवती मात्र एक वेगळी, तपकिरी चरबी असते. स्विस निसर्गअभ्यासक कॉनराड गेस्नर यांनी १५५१ मध्येच मार्मोट या प्राण्याच्या शरीरात तिची नोंद केली होती. पण ती कशासाठी असते हे कळायला विसाव्या शतकाची साठी उजाडावी लागली. १९६४ मध्ये डॉकिन्स आणि हल या ब्रिटिश संशोधकांनी सशाच्या नवजात पिल्लांवर प्रयोग करून ही चरबी म्हणजे उष्णता निर्माण करणारा अवयव असल्याचे दाखवून दिले. तिचा तपकिरी रंग तिच्यात खच्चून भरलेल्या तंतुकणिकांमुळे येतो, कारण तंतुकणिकांमध्ये लोह असलेली प्रथिने असतात.

तंतुकणिका हे पेशीचे ऊर्जाकेंद्र, एवढे आपण शाळेत शिकलेले असतो. ते केंद्र चालते कसे, ते पीटर मिशेल या ब्रिटिश जीवरसायनशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अन्नाच्या ज्वलनातून मिळणारी ऊर्जा वापरून तंतुकणिका आपल्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन उपसून ठेवते, जसे धरणामागे पाणी साठावे तसे. ते प्रोटॉन परत आत येताना एका सूक्ष्म जनित्रातून वाहतात, ते जनित्र फिरते आणि त्यातून एटीपी हे पेशीचे चलन तयार होते. ज्यांनी सांगे तालुक्यातले साळावली धरण भर पावसात पाहिले आहे, त्यांना तिथला गोल सांडवा आठवत असेल. जलाशय भरला की पाणी त्या गोलाच्या काठावरून आत कोसळते आणि त्याची सारी ऊर्जा गर्जनेत व तुषारांत जाते. तपकिरी चरबीच्या तंतुकणिकेच्या पटलात असाच एक सांडवा बसवलेला असतो. त्याचे नाव थर्मोजेनिन. हे एक प्रथिन आहे. थंडीची खबर मेंदूपर्यंत पोहोचली की चेतातंतू नॉरएड्रेनलिन हे निरोप पोहोचवणारे रसायन सोडतात, त्याच्या इशाऱ्याने पेशीतील मेदाचे थेंब फुटून मेदाम्ले मोकळी होतात, आणि ती मेदाम्ले एकीकडे इंधन म्हणून जळतात, तर दुसरीकडे थर्मोजेनिनचे दार उघडतात. मग प्रोटॉन जनित्राला वळसा घालून थेट आत येतात, एटीपी फारसे बनत नाही आणि जाळलेल्या मेदाची जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होऊन रक्तात मिसळते. खांद्यांच्या मध्ये हा साठा असल्यामुळे ते गरम रक्त हृदयाकडे लवकर पोहोचते. डुकराच्या वंशात हे थर्मोजेनिन उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाले, म्हणून त्यांच्या पिल्लांना जन्मल्याबरोबर कुडकुडावे लागते. मांजराच्या पिल्लाकडे पहिल्या आठवड्यात सांडवा आहे, कुडकुडणे नाही.

परंतु सांडवा वाहण्यासाठी जलाशयात पाणी हवे. तपकिरी चरबी थोडीच असते, यकृतातला साखरेचा साठा त्याहूनही तुटपुंजा, आणि भिजलेल्या पिल्लाचे हे दोन्ही साठे काही तासांत संपतात. एकदा तापमान ३५ अंशांखाली घसरले की शरीर कामे बंद करू लागते. आतड्यांची अन्न पुढे ढकलणारी लाट मंदावते आणि थांबते, पाचक विकरांची गती उतरते, चोखण्याची व गिळण्याची प्रतिक्षिप्त क्रिया विझत जाते. अशा पिल्लाच्या तोंडात दूध ओतले तर ते एक तर श्वासनळीत जाते, किंवा न हलणाऱ्या जठरात पडून आंबते, पोट फुगवते आणि उलटून फुप्फुसांत उतरते. म्हणून आधी ऊब आणि मगच दूध हा क्रम मोडायचा नाही, पिल्लू कितीही ओरडत असले तरी. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लू भुकेइतकेच थंडीनेही ओरडते आणि थंडीची हाक तर चांगलीच चढ्या सुरात असते.

त्या रात्री आम्ही दुधाची वाटी बाजूला ठेवली. पिल्लू मऊ फडक्याने टिपून कोरडे केले आणि घरातल्या डिजिटल थर्मामीटरला किंचित खोबरेल लावून गुदद्वारातून तापमान घेतले, तेव्हा ते ३३.१ अंश भरले. साध्या थर्मामीटरवर ३२ अंशांखालचे आकडे उमटत नाहीत; तसे झाले तर पिल्लू फारच गारठले आहे, हाच त्याचा अर्थ. नंतर ते सदऱ्याच्या आत छातीशी धरले, आणि खोक्यात कोमट पाण्याची बाटली जाड पंचात गुंडाळून एका बाजूला ठेवली. दुसरी बाजू मुद्दाम रिकामी ठेवायची असते, कारण या वयाचे पिल्लू नाकाने ऊब हुंगत सरपटू शकते आणि जास्त गरम झाले तर त्याला बाजूला होता आले पाहिजे. हेअर ड्रायर, गरम पाण्याची आंघोळ, बल्बखाली धरणे, हे उपाय मोबाइलवरच्या चित्रफितींत फार दिसतात आणि ते घातक आहेत. कातडी एकदम तापली की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतल्या अवयवांचे रक्त बाहेर ओढले जाते आणि दाब कोसळतो. ऊब दोन-तीन तासांत हळूहळू द्यावी. रात्री साडेअकराला पिल्लाचे तापमान ३५.८ अंश झाले, त्याने बोट चोखायला सुरुवात केली आणि तेव्हाच त्याला पहिले दूध मिळाले.

दुधाविषयी थोडक्यात. मांजर आणि दूध ही जोडी आपल्या म्हणींत घट्ट बसलेली आहे. पण गाईचे दूध वासरासाठी असते. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात, शिवाय टॉरीन हे मांजराला आवश्यक असलेले द्रव्य असते, जे मांजराचे शरीर पुरेसे बनवू शकत नाही आणि ज्याच्या अभावी दृष्टिपटल व हृदय बिघडते. मांजरीच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर पशुवैद्यांकडे किंवा प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानात मिळते. पहिल्या आठवड्यात ती दर दोन-तीन तासांनी, १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी सुमारे ४ मिलिलिटर द्यावी. पिल्लू पोटावर असावे; तान्ह्या मुलासारखे उताणे कधीही नाही. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने त्याची शौचाची व लघवीची जागा हलकेच पुसावी लागते, कारण पहिले तीन आठवडे आईच्या चाटण्याशिवाय त्याला दोन्ही होत नाहीत. वजन रोज मोजावे. दिवसाला १० ते १५ ग्रॅमची वाढ चांगली. एक दिवसही वजन घटले तर पशुवैद्यांकडे न्यावे. पिल्लू तापाने फणफणले म्हणून पॅरासिटामॉलचा कण देखील देऊ नये, मांजराच्या यकृतात ते औषध निष्प्रभ करणारी यंत्रणाच अपुरी असते.

मांजरी आपली पिल्ले सात घरी फिरवते, असे आजी सांगायच्या. सात या आकड्याला अर्थ नाही, पण निरीक्षण खरे आहे. मांजरी पिल्ले एकेक करून हलवते आणि मधल्या वेळात काही पिल्ले एकटी दिसतात. म्हणून कोरडे, उबदार आणि शांत पिल्लू दिसले तर लांब उभे राहून काही तास आईची वाट पाहावी; ओले व गार पिल्लू मात्र तत्काळ उचलावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत निराधार आहे, ऊब दिलेले पिल्लू तिच्याजवळ परत ठेवता येते. काळ्या पिल्लांना घर मिळत नाही, हे मला फार लागते. काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा आहे, त्याने कोणाचेही काम बिघडत नाही, आणि आडवे जाणारे मांजर फक्त पलीकडे जात असते.

जगलेल्या पिल्लाला दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसांचा सहवास द्यावा, कारण माणसाळण्याची मुदत तेवढीच असते. आठ आठवड्यांआधी ते दुसऱ्या घरी देऊ नये. जंतनाशक, लसी आणि पुढे नसबंदी पशुवैद्यांच्या सल्ल्याने करावी. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले असले, तरी मांजराने चावले वा ओरबाडले तर जखम साबणाच्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जाणे चुकवू नये.

काकींचे पिल्लू ११२ ग्रॅमचे आले होते. सात दिवसांनी ते १९४ ग्रॅम भरले. त्या रात्री वीज गेली, बाटलीतले पाणी निवून गेले आणि मला जाग यायला उशीर झाला. मेणबत्ती धरून खोक्यात डोकावलो, तेव्हा पिल्लू अंग आखडून बसले होते, आणि त्याच्या पाठीवरून मानेपासून शेपटीपर्यंत एक बारीक थरथर जात होती, थांबत होती, पुन्हा जात होती. ते कुडकुडत होते. काकींना हाक मारून मी ते दाखवले, आणि मग आम्ही पाणी तापवायला ठेवले.