सॅन फ्रान्सिस्को आर्ट्स कमिशन आणि ग्रँट्स फॉर द आर्ट्स: कोण ठरवतं, कोण पैसे देतं?

सॅन फ्रान्सिस्कोत एखादं नाटक, नृत्यमहोत्सव किंवा मिरवणूक बघायला गेलात, तर पत्रकाच्या तळाशी आभाराच्या ओळीत दोन नावं वारंवार दिसतात. एक सॅन फ्रान्सिस्को आर्ट्स कमिशन, दुसरं ग्रँट्स फॉर द आर्ट्स. दोन्ही शहर सरकारची, दोन्ही कलेला अनुदान देतात, आणि दोन्हींकडे येणाऱ्या पैशाचा एक मोठा झराही एकच: हॉटेलांवरचा कर. त्यामुळे तिथे वर्षानुवर्षं राहिलेली माणसंही यांत गल्लत करतात. पण कमिशनचा जन्म शहर देखणं राहावं म्हणून झाला आणि ग्रँट्सचा शहराची जाहिरात व्हावी म्हणून. आज त्यांच्या कारभारात जो फरक दिसतो, त्याचं मूळ तिथे आहे.

कमिशन १९३२ सालच्या सनदेतून आलं. सनद म्हणजे त्या शहराची घटनाच. ती बदलायची तर मतदारांपुढे जावं लागतं. महापौर १५ सदस्य नेमतात. त्यातल्या ११ जागा प्रत्यक्ष कलाक्षेत्रात काम करणाऱ्यांसाठी राखलेल्या आहेत आणि त्यांत दोन वास्तुविशारद आणि एक लँडस्केप आर्किटेक्ट असावाच लागतो. कलेच्या कमिशनवर वास्तुविशारदांचं काय काम? काम असं, की शहराच्या मालकीच्या जागेवर जे काही उभं राहणार, मग ते वाचनालय असो की अग्निशमन केंद्र, त्याचा आराखडा कमिशनच्या मंजुरीशिवाय पुढे सरकत नाही. नाटकवाल्यांना आणि चित्रकारांना मदत करणारी संस्था म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो, त्याचं एक जुनं आणि सर्वांत टणक कर्तव्य हे आहे.

याला जोड मिळाली १९६९ साली. सार्वजनिक बांधकामाच्या खर्चातले २ टक्के कलाकृतींसाठी बाजूला काढायचे, असा स्थानिक कायदा शहराने केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर जी शिल्पं आणि भित्तिशिल्पं दिसतात, त्यांतली बरीचशी या २ टक्क्यांची. शहराच्या मालकीच्या कलासंग्रहाची देखभालही कमिशनकडेच. कॉइट टॉवरमधली १९३४ सालची भित्तिचित्रं त्यातलीच. ती रंगवण्याचे पैसे मात्र मंदीच्या काळातल्या केंद्र सरकारच्या योजनेतून आले होते. पैसे एकाचे आणि सांभाळणारा दुसरा, हा प्रकार या शहरात जुनाच आहे.

मला स्वतःला कमिशनचा सगळ्यांत रोचक भाग वाटतो तो मोहल्ल्यांतला. १९६७ साली त्यांनी नेबरहुड आर्ट्स प्रोग्रॅम सुरू केला. ऑपेरा आणि सिंफनी शहराच्या मध्यभागी. मग मिशन, बेव्ह्यू, चायनाटाऊन या वस्त्यांमधल्या कलावंतांचं काय, हा त्यामागचा प्रश्न. १९७४ च्या सुमारास या कार्यक्रमात उमेदवारी करणाऱ्या जॉन क्रायडलर या तरुणाच्या लक्षात आलं, की बेरोजगारांना काम देण्यासाठी केंद्र सरकारने नुकताच सेटा नावाचा कायदा केला आहे आणि कलावंतांइतके बेरोजगार दुसरे कोण? त्या पैशातून शहराने चित्रकार, नर्तक, नाटकवाले पगारावर घेतले आणि त्यांना वस्त्यांत काम दिलं. पुढे ही युक्ती देशभरच्या शहरांनी उचलली. कलेसाठीचा पैसा कलेच्याच खात्यात शोधायचा, हा आपला हट्ट किती फुकाचा असतो ते यातून कळतं.

त्याच चळवळीतून वस्त्यांतली सांस्कृतिक केंद्रं आली: मिशन कल्चरल सेंटर फॉर लॅटिनो आर्ट्स, सोमआर्ट्स, बेव्ह्यू ऑपेरा हाऊस, आफ्रिकन अमेरिकन आर्ट अँड कल्चर कॉम्प्लेक्स. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिरासारख्याच या इमारती शहराच्या मालकीच्या. फरक असा, की बालगंधर्व महापालिका स्वतः चालवते, आणि इथे वास्तू शहराची असली तरी आत वर्षभर काय घडवायचं ते त्या वस्तीतली बिनसरकारी संस्था ठरवते. रस्त्यावर स्वतःच्या हातची कलाकुसर विकणाऱ्यांना परवाने देणारंही कमिशनच. परवान्याआधी कारागिराला परीक्षकांपुढे दाखवून द्यावं लागतं, की वस्तू खरोखर त्यानेच घडवली आहे, घाऊक बाजारातून आणलेली नाही. फिशरमन्स वॉर्फसारख्या गर्दीच्या ठिकाणच्या जागांसाठी चिठ्ठ्या टाकतात.

आता ग्रँट्स फॉर द आर्ट्स. याची सुरुवात १९६१ ची. त्या वर्षी शहराने हॉटेलच्या खोल्यांवर कर बसवला आणि त्यातला काही भाग शहराच्या प्रसिद्धीसाठी ठेवला. विचार सरळ व्यापारी होता: पाहुणा येतो तो ऑपेरा बघायला, चिनी नववर्षाची मिरवणूक बघायला, तेव्हा त्याने भरलेल्या करातले काही पैसे त्यांनाच द्या, म्हणजे पुढच्या वर्षी आणखी पाहुणे येतील. इथे आराखडे मंजूर करणं नाही, पुतळे सांभाळणं नाही, परवाने नाहीत. नगर प्रशासकाच्या हाताखालचं हे एक कार्यालय. अर्ज तपासायचे आणि धनादेश द्यायचे.

पण त्या धनादेशाची जात वेगळी आहे, आणि कलासंस्था चालवणाऱ्याला तिचं मोल विचारा. कमिशनचं अनुदान बहुधा एखाद्या प्रकल्पासाठी असतं: अमुक नाटक, अमुक भित्तिचित्र, अमुक लेखकाचं अमुक काम. संस्था नसलेल्या एकट्या कलावंतालाही ते मिळू शकतं. ग्रँट्सचा पैसा मात्र मुख्यतः संस्थेच्या रोजच्या चालण्यासाठी असतो: भाडं, वीजबिल, हिशेबनिसाचा पगार. असा पैसा मिळवणं कुठल्याही देशात सर्वांत अवघड, कारण देणाऱ्याला फोटो काढायला त्यात काहीच नसतं. कार्नावाल, प्राइड, चेरी ब्लॉसम महोत्सव यांसारख्या मिरवणुका आणि उत्सवांनाही इथूनच पैसा जातो.

दोष होता तो वाटपात. मोठ्या संस्था आधीपासून मोठ्या, म्हणून त्यांना जास्त. सिंफनी, ऑपेरा आणि बॅले यांच्या ताटात बरंच पडायचं आणि मिशनमधल्या छोट्या मंडळीच्या वाट्याला किरकोळ. त्यावर बरीच वर्षं वादावादी झाली आणि १९९३ साली कल्चरल इक्विटी अनुदानं सुरू झाली: ज्या समाजांना आजवर डावललं गेलं, त्यांच्या कलेसाठी. गंमत म्हणजे ही अनुदानं सोपवली गेली आर्ट्स कमिशनकडे, आणि पैसा मात्र हॉटेल कराचाच. लोकांची गल्लत होते ती मुख्यतः याच जागी.

कराचं गणित एकदा मांडून बघू. खोलीच्या भाड्यावर एकूण कर १४ टक्के. त्यात मूळ कर ८ टक्क्यांचा. मधल्या काळात कलेचा वाटा दरवर्षीच्या अंदाजपत्रकाच्या मर्जीवर होता. तो पक्का करण्याचा प्रस्ताव २०१६ साली मतदारांपुढे आला. बहुसंख्यांनी होकार दिला, तरी तो पडला, कारण दोन तृतीयांश मतं लागत होती. २०१८ साली तो पुन्हा आला आणि या वेळी सुमारे ७५ टक्के मतांनी मंजूर झाला. आता त्या मूळ ८ पैकी दीड टक्का कला आणि संस्कृतीसाठी ठरलेला आहे. म्हणजे २०० डॉलरच्या खोलीवर पाहुणा २८ डॉलर कर भरतो, त्यातले ३ डॉलर इथे येतात आणि पुढे ग्रँट्स, कमिशनची इक्विटी अनुदानं, सांस्कृतिक केंद्रं वगैरेंत वाटले जातात. या व्यवस्थेची दुखरी नस २०२० साली दिसली. करोनात हॉटेलं ओस पडली आणि कलावंतांना मदतीची सर्वांत जास्त गरज होती, नेमका तेव्हाच झरा आटला.

वर्तमानपत्रांत शिव्या मात्र नेहमी कमिशनच खातं. कोलंबसचा पुतळा जून २०२० मध्ये आंदोलकांनी पाडण्याआधीच शहराने उतरवला, तेव्हा प्रश्न कमिशनला. लेखिका-कवयित्री माया अँजेलो यांच्या स्मारकाचं प्रकरण तर त्यांनी स्वतःच ओढवून घेतलं. २०१९ साली निवड समितीने लाव्हा थॉमस यांची कल्पना उचलून धरली: ब्राँझचं भलंमोठं पुस्तक आणि त्यावर अँजेलोंचा चेहरा. पण पारंपरिक, पूर्णाकृती पुतळाच हवा, असा राजकीय आग्रह झाला आणि कमिशनने निवड फिरवली. वर्षभर टीका झाल्यावर २०२० मध्ये थॉमस यांची माफी मागून काम त्यांनाच परत दिलं. स्मारक मुख्य वाचनालयाबाहेर उभं राहिलं ते सप्टेंबर २०२४ मध्ये. हे सगळं जाहीर सुनावण्यांत, लोकांसमोर घडलं म्हणून आपल्याला कळलं. कुठल्या संस्थेचं अनुदान किती हे ठरवतानाही तेवढेच मोठे निर्णय होतात. फक्त तिथे पुतळा हलत नाही, म्हणून कॅमेरे येत नाहीत. माझ्या मते शहरातली कोणती कला टिकणार हे ठरवण्यात ग्रँट्सचा हात कमिशनपेक्षा लांब आहे.

२०२५ साली महापौर डॅनिअल लुरी यांच्या प्रशासनाने या दोन्ही आणि चित्रीकरणाचं काम बघणारं कार्यालय एकाच संचालकाखाली आणायचं ठरवलं. अर्जदाराच्या खेपा त्याने कमी होतील. पण आराखडे मंजूर करण्याचा अधिकार सनदेने कमिशनला दिलेला आहे. छप्पर एक झालं म्हणून तो कुठे जात नाही.

आता समजा, बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागातल्या, एखाद्या ढोल-ताशा पथकाला सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यावर वादन करायचं आहे. पहिली समजूत अशी, की आर्ट्स कमिशनकडून परवानगी घ्यायची. नाही. मिरवणुकीचा परवाना पोलीस खात्याकडे, रस्ता बंद ठेवायचा तर वाहतूक विभागाकडे, उद्यान हवं तर उद्यान विभागाकडे. १९६५ साली लाफायेट पार्कमध्ये सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप या नाटकमंडळीचा प्रयोग अश्लील ठरवून परवाना रद्द केला तोही उद्यानांच्या कमिशननेच. आणि दिग्दर्शक आर. जी. डेव्हिस यांना प्रयोगाच्या जागीच अटक झाली. ध्वनिवर्धकासाठी आणखी तिसरंच, एंटरटेनमेंट कमिशन. ढोलाला ध्वनिवर्धक लागत नाही, पण निवेदकाच्या माइकला लागतो.

पैसे हवे असतील आणि नोंदणीकृत ना-नफा संस्था शहरातच काम करणारी असेल, तर ग्रँट्स. एखाद्या वादकाला किंवा नर्तकीला स्वतःचं नवं काम घडवायचं असेल, किंवा सांस्कृतिक केंद्राशी जोडून घ्यायचं असेल, तर कमिशन. आणि गणपती भाद्रपदात येत असले, तरी शहराचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. अर्जाची खटपट त्याच्याही बरीच आधी करावी लागते.