सुपरचार्ज्ड इंजिन आणि तेलाच्या वाफेचा जुना तिढा

तुर्भे-सानपाड्याकडच्या गॅरेजात सुपरचार्जरवाली, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पंप असलेली, जुनी गाडी आली की मुरलेला मेकॅनिक आधी इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा नेणारा, होज पाइप काढतो आणि आत बोट फिरवतो. बोट काळं नि ओलं निघालं की पुढचं बोलणं ठरलेलं असतं: तेल अडवणारा डबा, म्हणजे कॅचकॅन, बसवायचा, की इंजिनातली वाफ नेणारा ब्रीदर पाइप काढून सरळ खाली सोडून द्यायचा? दुसरा उपाय जवळपास फुकट आहे, म्हणून तोच जास्त होतो. मजा अशी, की साठ वर्षांपूर्वी कायदा करून बंद केलेली पद्धत ती हीच.

पिस्टनच्या रिंगा नव्याकोऱ्या असल्या तरी ज्वलनाचा थोडा वायू कडेने खाली चेंबरमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या क्रँककेसमध्ये, उतरतोच. त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्यात न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते आणि क्रँकने उडवलेले तेलाचे बारीक थेंब असतात. त्याला वाट दिली नाही तर दाब साचतो, ऑइल सील आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरायला लागतं. सुरुवातीच्या गाड्यांत ही वाट म्हणजे चेंबरपासून गाडीच्या पोटाखाली गेलेली एक साधी नळी होती. गाडी पळू लागली की खालून जाणारा वारा वाफ ओढून घेई आणि ताजी हवा तेल भरायच्या झाकणातल्या जाळीतून आत येई. गाडी उभी असली की सगळं ठप्प. दुसऱ्या महायुद्धात रणगाडे पाण्यातून न्यायचे, तेव्हा अशा उघड्या नळीतून पाणी शिरण्याची भीती. म्हणून चेंबर बंद करून वाफ इनटेककडे वळवली गेली.

मोटारींत ही युक्ती आली ती लॉस एंजलिसच्या धुरक्यामुळे. तिथल्या कॅलटेक या संस्थेतले शास्त्रज्ञ आरी हागेन-श्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं, की हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर ऊन पडून ते धुरकं बनतं. पुढे लक्षात आलं, की गाडीतून सुटणाऱ्या हायड्रोकार्बनचा मोठा हिस्सा सायलेन्सरमधून नाही, तर त्या पोटाखालच्या नळीतून येतो. कॅलिफोर्नियाने १९६१ मध्ये पीसीव्ही, म्हणजे वाफ ओढून पुन्हा इंजिनातच जाळणारी व्यवस्था, सक्तीची करायचं ठरवलं. १९६३ पासून ते अंमलात आलं. त्यानंतर झाकणातली जाळीही गेली आणि ताजी हवा एअर फिल्टरकडून दुसऱ्या पाइपाने येऊ लागली. या दुसऱ्या पाइपाचा फायदा असा, की वाफ जास्त झाली तर ती त्याच वाटेने उलटी जाऊन फिल्टरच्या बाजूने इंजिनात शिरते.

ही सगळी रचना एका गृहीतावर उभी आहे: इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, ओढ असणार. सुपरचार्जर नेमकं तेच गृहीत मोडतो. खरं तर तो पीसीव्हीपेक्षा कितीतरी जुना. रूट्स बंधूंच्या ब्लोअरचं पेटंट १८६०चं आणि मर्सिडीजने १९२१ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्प्रेसर लावलेल्या गाड्या मांडल्या होत्या. पण त्या काळी वाफ हवेत सोडायची मोकळीक होती, त्यामुळे दोघांची गाठ पुढे पडली.

घोडबंदर रोडवर याचा प्रयोग रोज होतो. माजिवड्याच्या सिग्नलला गाडी रांगेत उभी असते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, पीसीव्ही व्हॉल्व्ह उघडा असतो, वाफ नेहमीच्या वाटेने जाते. गायमुखच्या चढावर पाय दाबला की तिथेच दाब तयार होतो. व्हॉल्व्ह मिटला नाही तर तो दाब उलटा चेंबरमध्ये घुसतो. मिटला तर सगळा भार दुसऱ्या पाइपावर. तो सुपरचार्जरच्या आधी, म्हणजे ओढीच्या बाजूला जोडलेला असतो, आणि सिलिंडरमध्ये दाब वाढल्याने ब्लो-बायही नेमका तेव्हाच वाढलेला असतो. त्यातलं तेल सुपरचार्जरच्या रोटरवरून, दाबलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये जाऊन बसतं. तेलाचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा फारच कमी, त्यामुळे नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी भडकण्याची, शक्यता वाढते, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि ज्या ताकदीसाठी सुपरचार्जर घेतला तीच घटते.

कॅचकॅन आला रेसिंगमधून, आणि तोही इंजिनाच्या भल्यासाठी नाही, तर ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. मोटार शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएच्या नियमांत उघडा ब्रीदर असलेल्या गाडीला २००० सीसीपर्यंत २ लिटरचा आणि त्यावर ३ लिटरचा कॅन लागतो, तोही आतलं दिसेल असा. रस्त्यावरच्या गाडीत त्याचं काम वेगळं: तेल अडवायचं आणि उरलेला वायू इनटेकला परत द्यायचा. त्यासाठी आत पडदे किंवा जाळी हवी. बाजारातले चकचकीत कॅन उघडून बघा, कित्येक आतून रिकामे डबे असतात. पावसाळ्यात वाशी ते ऐरोली अशा छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या कॅनमधून दुधाळ चहाच्या रंगाचं, पेट्रोलचा वास मारणारं पाणीच जास्त निघतं. ते गाळून परत इंजिनात ओतणारे महाभाग आहेत, त्यांना हात जोडावेत.

आपल्याकडे पीयूसीची नळी फक्त सायलेन्सरमध्ये जाते. त्यामुळे ब्रीदर खाली सोडलेली गाडीही तिथे पास होऊ शकते. पण क्रँककेसची वाफ बाहेर सुटता कामा नये ही अट भारत स्टेज प्रदूषण नियमांच्या, नव्या मॉडेलला द्याव्या लागणाऱ्या मान्यता चाचणीत आहे. आणि कॅन काही दिवसांतच भरायला लागला, तर मोठा कॅन घेण्याआधी लीक-डाउन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते याची तपासणी, करून घ्यावी. रिंगा गेल्या असतील तर खर्च तिथे आहे.