नाक मोठं नाहीये, कॅमेरा जवळ आहे

पोर्ट्रेट स्टुडिओ चालवणाऱ्या कुणालाही विचारा, फोटो काढायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकतात, "माझे फोटो चांगले येतच नाहीत हो." हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. कारण बहुतेक वेळा चेहऱ्यात काही खोट नसते आणि कॅमेराही ठीक असतो, गडबड असते ती अंतरात. कॅमेरा चेहऱ्यापासून किती लांब आणि लाईट किती लांब, ही दोन अंतरं ज्याला कळली त्याचे घरच्यांचे फोटो साध्या मोबाईलवर पण सुधारतात, आणि ज्याला नाही कळली त्याने कितीही महागडी लेन्स घेतली तरी तेच रडगाणं.

आधी कॅमेऱ्याचं बघू. आपला चेहरा सपाट नसतो, नाकाचा शेंडा कानांच्या साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतो असं धरा. आता मोबाईल नाकापासून ३० सेंटीमीटरवर धरला तर कान पडले ४२ सेंटीमीटरवर. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते, त्यामुळे ४२ भागिले ३०, म्हणजे कानांच्या मानाने नाक १.४ पट मोठं होऊन फोटोत येतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर नेला की हिशोब १६२ भागिले १५० असा होतो, म्हणजे फरक फक्त ८ टक्के. चेहरा तोच, माणूस तोच, पण पहिल्या फोटोत नाक पुढे आलेलं, कान मागे गेलेले आणि कपाळ फुगलेलं दिसणार. २०१८ साली अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी याचंच गणित मांडून दाखवलं होतं, सेल्फीत नाक मोठं दिसतं म्हणून लोक प्लास्टिक सर्जरीची चौकशी करायला लागले होते म्हणून. त्यांच्या हिशोबात १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी ५ फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के जास्त दिसत होती. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या नाकाला नावं ठेवणाऱ्या प्रत्येक कॉलेजच्या पोराला आणि पोरीला हे कुणीतरी सांगायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

इथे एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की वाईड लेन्स (जास्त रुंद दृश्य पकडणारी) चेहरा बिघडवते आणि ८५ एमएमची लेन्स (लांबचं जवळ आणून दाखवणारी) चेहरा सुंदर करते. चेहऱ्याचे प्रमाण लेन्स ठरवतच नाही, तुम्ही कुठे उभे आहात ते ठरवतं. ८५ची लेन्स लावली की चेहरा आणि खांदे फ्रेममध्ये बसवायला तुम्हाला आपोआप मागे सरकावं लागतं, एवढंच तिचं पुण्य! मोबाईलवर दोन पावलं मागे जाऊन २एक्स किंवा ३एक्स झूम वापरा, तो नसेल तर मागूनच फोटो काढून नंतर क्रॉप करा, बारकावे थोडे कमी होतील पण नाक-कानांचं प्रमाण बरोबरच येईल. वाईड लेन्सचा स्वतःचा दोष दुसरा आहे, फ्रेमच्या कडेला असलेली गोल वस्तू ती बाहेरच्या बाजूला ताणते. म्हणून ग्रुप फोटोत टोकाला उभे असलेले काका उगीचच जाडे दिसतात आणि त्यांचं डोकं अंड्यासारखं होतं. जागा असेल तर मागे जा, दोन्ही बाजूला थोडी मोकळी जागा सोडा, आणि ०.५एक्स तर घरच्यांच्या फोटोसाठी वापरूच नका.

आता लाईट, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. सूर्याचा व्यास जवळपास १४ लाख किलोमीटर आहे, पण तो आपल्यापासून १५ कोटी किलोमीटर लांब असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणून चेहऱ्याच्या दृष्टीने तो एक छोटासा दिवा आहे. छोट्या दिव्याची सावली कडक पडते, नाकाखाली काळी रेघ, डोळ्यांच्या खोबणीत अंधार. ढग आले की तोच उजेड अख्ख्या आकाशभर पसरतो आणि सावल्या विरघळून जातात. म्हणजे लाईट सॉफ्ट की हार्ड हे दिवा किती वॅटचा आहे यावर नसतं, चेहऱ्यावरून बघितलं तर तो किती मोठा दिसतो यावर असतं. ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (दिव्यावर लावायची, उजेड पसरवणाऱ्या पांढऱ्या कापडाची पेटी) चेहऱ्यापासून १ मीटरवर ठेवला तर साधारण ४८ अंश व्यापतो, तोच ५ मीटरवर नेला तर फक्त १० अंश. सॉफ्टबॉक्स घेतला, तो लांब भिंतीपाशी उभा केला आणि मग लाईट सॉफ्ट का येत नाही असं विचारणारे नवे स्टुडिओवाले भेटतात, तर त्याचं उत्तर हे आहे.

घरी करून बघण्यासारखं आहे हे. ऊन थेट आत येत नसलेल्या खिडकीजवळ कुणाला तरी बसवा आणि नाकाच्या सावलीची कड नीट बघा, अगदी जवळून. खिडकीला लागून बसलं असताना ती कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते सांगताच येत नाही. मग त्या माणसाला हळूहळू खोलीत आत सरकवत न्या, सावली स्पष्ट होत जाते, तिला कड येते, आणि डोळ्यात चमकणारा खिडकीचा चौकोन छोटा छोटा होत जातो. तो चौकोन छान मोठा दिसतोय तोपर्यंत लाईट चांगला आहे, मी स्वतः आधी तेच बघते आणि मग कॅमेरा उचलते.

मग लाईट जवळच ठेवावा ना कायम? एका माणसासाठी हो, पण फॅमिली आली की पंचाईत होते, कारण छोट्या दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होत जातो. तीन जण ओळीत उभे आहेत, दिव्यापासून १, २ आणि ३ मीटरवर, तर दुसऱ्याला पहिल्याच्या एक चतुर्थांश उजेड मिळतो आणि तिसऱ्याला एक नवमांश, म्हणजे आजी लख्ख आणि नातू अंधारात. आता दिवा मागे न्या, अंतरं ४, ५ आणि ६ मीटर झाली, की तिसऱ्याला पहिल्याच्या ४४ टक्के उजेड मिळतो, जो बघायला खूपच सुसह्य असतो. मोठी खिडकी किंवा मोठा सॉफ्टबॉक्स अगदी जवळ असेल तर उजेड या नियमापेक्षा जरा सावकाश कमी होतो पण दिशा तीच. म्हणून ग्रुपसाठी लाईट लांब न्यायचा आणि त्या बदल्यात दिव्याला उजेड पसरवणारी मोठी स्टुडिओची छत्री लावायची किंवा पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश मारून भिंतीलाच दिवा बनवायचा. भिंत पांढरीच हवी हं, हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड चेहऱ्याला हिरवट करतो. हिरवळीवर उन्हात बसवलेल्या मुलांची हनुवटी खालून हिरवी दिसते ती त्यामुळेच.

डोळे मिटण्याचं आता. माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो आणि एकेका वेळी पाव सेकंद धरला तर डोळे साधारण ६ टक्के वेळ बंद किंवा अर्धवट असतात. एका माणसाला हे काहीच नाही, पण दहा जण असले की एका क्लिकमध्ये सगळ्यांचे डोळे उघडे मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरते आणि वीस जणांत ती चारात एक एवढीच. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या विज्ञान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांनी याचं पूर्ण गणित केलं आणि २००६ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारं गमतीदार बक्षीस) मिळालं. त्यांचा सोपा नियम असा की वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांची संख्या भागिले ३ इतके फोटो काढा, कमी उजेडात भागिले २. म्हणजे बारा जणांचे चार, किंवा सहा. त्यामुळे "एकच काढ, पुरे झालं" म्हणणाऱ्या मोठ्यांचं अजिबात ऐकू नका, अजून दोन काढा.

हसण्याबद्दल १८६२ साली फ्रान्सच्या गियोम ड्यूशेन या डॉक्टरने लिहून ठेवलंय. चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे हलके झटके देऊन त्याने बघितलं, तर ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू आपण हवा तेव्हा हलवू शकतो, पण खऱ्या आनंदात त्याच्या जोडीला डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू पण आवळतो आणि गाल वर येऊन डोळे बारीक होतात. ते मुद्दाम करणं सगळ्यांना जमत नाही (काहींना जमतं, हेही नंतरच्या संशोधनात दिसलंय). "स्माईल प्लीज" म्हटलं की फक्त ओठ आज्ञा पाळतात, म्हणून मी ते म्हणतच नाही. त्यापेक्षा मुलांना आजोबांच्या कानात काहीतरी सांगायला लावा, आणि क्लिक करा ते हसून झाल्यावर एक क्षणाने, जेव्हा तोंड मिटत आलेलं असतं पण डोळ्यातलं हसू अजून तिथेच असतं.

शेवटी फोटो निवडायची वेळ येते आणि इथे घरोघरी भांडण होतं, आईला जो फोटो आवडत नाही तोच बाकी सगळ्यांना आवडतो. यालाही कारण आहे. आपण स्वतःला आयुष्यभर आरशात बघतो, म्हणजे उलटं, आणि बाकीचे आपल्याला सुलटं बघतात. भांग, वाकडं हसू, एक भुवई जरा वर, हे सगळं फोटोत आपल्याला चुकीच्या बाजूला दिसतं. १९७७ मध्ये मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी लोकांना त्यांच्याच फोटोच्या दोन्ही प्रती दाखवल्या तर स्वतःला उलटी प्रत जास्त आवडली आणि जवळच्या माणसांना सुलटी. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं. त्यामुळे भिंतीवर लावायचा फोटो निवडताना ज्याचा फोटो आहे त्याच्यापेक्षा त्याच्यासोबत राहणाऱ्यांचं मत जास्त धरावं असं माझं स्पष्ट म्हणणं आहे, आणि आई अगदीच हटून बसली तर तिला एकदा तोच फोटो आडवा फ्लिप करून दाखवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच ती म्हणते, "हा बरा आहे की."