बोर्डरूममधली ती दहा मिनिटं

‘बोर्डरूममध्ये दहा मिनिटांत निकाल लागतो, आणि जे दिसतं ते जसंच्या तसं घडलेलं असतं.’ उद्योगस्पर्धांच्या रिॲलिटी शोबद्दल, जिथे टास्क संपल्यावर बोर्डरूममध्ये कोण बाहेर जाणार हे ठरतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण दृश्य सलग वाटतं.

आधी साधा हिशोब. टास्क दोन दिवसांचा, म्हणजे २,८८० मिनिटं. जाहिराती वगळून भाग ४५ मिनिटांचा धरला, तर आपल्यापर्यंत पोचतो चौसष्टावा हिस्सा. उरलेलं कुणीतरी निवडून गाळलेलं असतं. बोर्डरूमचंही तसंच: चर्चा बराच वेळ चालते, त्यातले नेमके खटके ठेवले जातात.

पडताळायचं असेल तर एखादा जुना, सुरुवातीचा सीझन पुन्हा बघा. शेवट माहीत असल्यामुळे लक्ष निकालावर राहत नाही. बोलणाऱ्याचा आवाज चालू असताना पडद्यावर दुसऱ्याचाच चेहरा आला की थांबा. तिथे वाक्य जोडलेलं असू शकतं. मध्येच सूर बदलला तर शंका आणखी बळावते. टेबलावरच्या ग्लासातलं पाणी एका शॉटमध्ये अर्धं, पुढच्यात भरलेलं? मधला वेळ कापला गेलाय किंवा शॉटचा क्रम बदललाय. (मला तर आता ग्लासच आधी दिसतो.)

याचा अर्थ सगळं खोटं, असाही नाही. स्पर्धक खरे, धावपळ खरी, विक्रीही बहुतेकदा खरी. फक्त ‘हा माणूस आळशी’ हे मत आपलं आहे की संकलकाचं, एवढं तपासून घ्यावं.