‘प्रामुख्याने’ की ‘केवळ’? नव-थॉमिझमची पार्श्वभूमी

सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, आधी तत्त्वज्ञान आणि मग ईशज्ञान (थिऑलॉजी), हा क्रम कॅथलिक वाचकांच्या ओळखीचा आहे. त्या तत्त्वज्ञानाच्या वर्षांत तेराव्या शतकातले विचारवंत संत थॉमस अक्विनास यांचं नाव इतक्या वेळा येतं, की मध्ययुगापासून हे असंच चालत आलं असावं असं वाटतं. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या बहुतेक सेमिनरींत थोडा देकार्त, थोडा लॉक, थोडा वुल्फ अशी आधुनिक तत्त्वज्ञांची सरमिसळ शिकवली जात होती. थॉमस यांचे ग्रंथ कपाटात होते.

4 ऑगस्ट 1879 चं ‘एटेर्नी पात्रिस’ हे पोपचं परिपत्रक म्हणजे थॉमस यांच्या विचारांच्या पुनरुज्जीवनाची, नव-थॉमिझमची, सुरुवात, असं सर्रास लिहिलं जातं. ते अर्धंच खरं. इटलीतले काही येशूसंघीय (जेझुइट) प्राध्यापक आणि नेपल्समधले काही धर्मगुरू त्याआधीची कित्येक दशकं हेच काम करत होते. परिपत्रक काढणारे पोप लिओ तेरावे पेरुजियाचे बिशप असताना त्यांचा सख्खा भाऊ तिथल्या सेमिनरीत थॉमस यांचं तत्त्वज्ञान शिकवत होता. गादीवर आल्यावर दीड वर्षातच त्यांनी घरचाच अभ्यासक्रम जगभर पाठवला म्हणा ना. मजकुराचा सूर मात्र नंतरच्या फर्मानांपेक्षा बराच मोकळा आहे. मध्ययुगीन पंडितांनी नको तितका कीस पाडला असेल किंवा काही निष्काळजीपणे मांडलं असेल, तर ते आजच्या काळाला अनुकरणीय म्हणून देण्याचा आपला विचार नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे.

इथे एका शब्दाचा गुंता आहे. ‘स्कोलॅस्टिक’ ही मध्ययुगीन ख्रिस्ती पंडितांपासून चालत आलेली अख्खी परंपरा. तिच्यात बोनाव्हेंचुरा आहेत, डन्स स्कोटस आहेत, सोळाव्या-सतराव्या शतकातले सुआरेझही आहेत. ‘थॉमिझम’ ही तिच्यातली एक शाखा. परंपरा जिवंत करायची म्हणून सुरू झालेली चळवळ पस्तीस वर्षांत एका शाखेवर, आणि त्या शाखेच्याही एका वाचनावर, येऊन थांबली. ते कसं घडलं हे 1914 च्या दोन महिन्यांत दिसतं.

29 जून 1914 रोजी पुढचे पोप पायस दहावे यांनी इटलीपुरता एक आदेश काढला. आपण थॉमस यांचं तत्त्वज्ञान ‘प्रामुख्याने’ अनुसरावं असं म्हटलं होतं, ‘केवळ’ असं म्हटलं नव्हतं, याचा काहींनी सोयीचा अर्थ काढला, अशी त्यात तक्रार आहे. थॉमस यांची मुख्य तत्त्वं सोडून चालणार नाही, असं बजावलं. साहजिकच प्रश्न आला : मुख्य तत्त्वं कोणती? 27 जुलैला रोमहून चोवीस प्रमेयांची यादी मान्य होऊन आली. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं आणि 20 ऑगस्टला पोप वारले.

वादाचं मूळ तिसऱ्या प्रमेयात होतं. ईश्वर सोडून प्रत्येक वस्तूत तिचं स्वरूप आणि तिचं अस्तित्व ही दोन वास्तवात भिन्न तत्त्वं आहेत, असं ते सांगतं. थॉमस यांनी तरुणपणी दिलेलं उदाहरण फिनिक्स पक्ष्याचं : तो काय असतो हे मला कळू शकतं, तो आहे की नाही हे ठाऊक नसतानाही. आपल्याकडचं सशाचं शिंग आठवावं. पण हा भेद वस्तूतच आहे की विचार करणाऱ्याच्या बुद्धीत? सुआरेझ यांनी 1597 च्या ग्रंथात दुसरा पर्याय धरला होता आणि येशूसंघात त्यांचीच परंपरा रुजलेली होती. म्हणजे ज्यांच्यातल्या काहींनी थॉमस यांना कपाटातून बाहेर काढलं, त्यांचेच कित्येक प्राध्यापक एका यादीने संशयित ठरण्याची वेळ आली.

मग सुरू झाली माघार, अर्थात रोमच्या पद्धतीने, एकेक विशेषण बदलत. 1916 मध्ये उत्तर आलं की ही प्रमेयं ‘सुरक्षित मार्गदर्शक निकष’ म्हणून मांडावीत. सुरक्षित, म्हणजे सक्तीची नव्हेत, असा अर्थ एका बाजूने लावला. दुसरी बाजू पुढची कित्येक वर्षं तो मान्य करत नव्हती. 1917 मध्ये येशूसंघाला या वादात मतस्वातंत्र्य मिळालं, आणि त्याच वर्षीच्या धर्मसंहितेने (चर्चच्या कायद्याच्या संहितेने) मात्र प्राध्यापकांना थॉमस यांची पद्धत, सिद्धान्त आणि तत्त्वं बांधून दिली. माझ्या मते ही यादी काढायलाच नको होती. तिने थॉमस यांना प्रश्नोत्तरांच्या लॅटिन गाइडांत बसवलं.

पुढचं बरंचसं ठाऊक आहे. पॅरिसच्या इतिहासकारांनी मूळ ग्रंथ उघडले आणि मध्ययुग एकसुरी नव्हतं हे दाखवलं. काहींनी थॉमस यांना कांटशेजारी बसवून वाचलं. कोलकात्यात बेल्जियन येशूसंघीयांनी 1922 पासून शंकर, रामानुज आणि वल्लभ यांना थॉमस यांच्या चौकटीतून तपासलं; त्याच्याही आधी एका बंगाली धर्मांतरिताने सच्चिदानंद आणि त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा एकच ईश्वर) जोडायचा घाट घातला होता, तो चर्चच्या अधिकाऱ्यांनी चालू दिला नाही. ‘एटेर्नी पात्रिस’ काढणाऱ्या पोपनीच 1893 मध्ये श्रीलंकेत कँडीला उभारलेली सेमिनरी 1955 मध्ये पुण्याला आली, नगर रस्त्यावर.

1946 मध्ये रोममधल्या एका डॉमिनिकन (थॉमस यांच्याच संघातल्या) प्राध्यापकाने फ्रान्समधल्या नव्या ईशज्ञानावर जळजळीत लेख लिहिला. ही वाट चर्चने आधीच धिक्कारलेल्या आधुनिकतावादाकडेच परत जाते, असा त्याचा निष्कर्ष होता. 1950 च्या पोपच्या परिपत्रकाने त्या बाजूला बळ दिलं, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये ते बरंच काढून घेतलं. चोवीस प्रमेयांचा उल्लेखही तिथे नाही. 1998 च्या परिपत्रकात तर लिहिलं आहे की चर्चचं स्वतःचं असं तत्त्वज्ञान नाही आणि कोणत्याही एका तत्त्वज्ञानाला ते अधिकृत ठरवत नाही. हे लिहिणारे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1948 मध्ये रोमला डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला होता. त्यांचे मार्गदर्शक तेच डॉमिनिकन प्राध्यापक.