पिकअपचे मागचे पाटे अन् ब्रेक बदलताय? आरटीओतला अर्ज नेमका कुठं अडतो

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू झाली, की माझ्या ऑनलाइन सेंटरवर एका ठरावीक अर्जदाराची ये-जा वाढते. दाराशी पिकअप नाहीतर कॅम्पर उभी, मागून वीतभर उचललेली, आणि हातात परत आलेल्या अर्जाची प्रिंट. "काऊन परत पाठवला बा? पाटेच तं टाकले, इंजिन थोडीच बदललं!" परवा एकाच्या फायलीत अशा तीन प्रिंटा निघाल्या. तिन्हींवर कारण तेच, आणि तिन्ही वेळा भाऊनं जोडलेले कागदही तेच.

मागचे पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या कमानीच्या लोखंडी पट्ट्या वाढवणं, ब्रेक सुधारणं ही इकडे हौस नाही. पावसाळा सरला की पांदणीत, शेताकडं जाणाऱ्या कच्च्या वाटेत, ट्रॅक्टरची चाकोरी इतकी खोल पडते, की भरलेल्या पिकअपच्या मागच्या एक्सलमधला डिफरन्शियलचा गोळा मधल्या मातीला घासत जातो. मेळघाटातून माल घेऊन परतवाड्याकडे उतरताना ड्रम तापतात आणि ब्रेकचं पॅडल खोल जायला लागतं. गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या दिवसांत फळीवरून (पानं गोळा करतात त्या जागेवरून) निघालेली गाडी नाल्याच्या दगडांतून काढायची असते. गरज खरीच आहे. पण अर्ज तपासणाऱ्याला तुमची पांदण दिसत नाही, त्याच्या पुढ्यात फक्त आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र असतं.

अर्ज लागतो तरी कधी?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. 'बदल' म्हणजे काय, तेही त्याच कलमाखाली दिलं आहे: रचनेतला असा फेरफार, ज्यानं गाडीचं मूळ स्वरूपच बदलतं. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. "पूर्वी होत होतं" हे वाक्य तेव्हापासून खिडकीवर चालत नाही.

म्हणून आधी आपलं काम कशात मोडतं ते पाहा. तुटलेला पाटा काढून त्याच मापाचा टाकला, झिजलेले लायनर, ड्रम, व्हील सिलिंडर, बुश, शॉकअप बदलले, तर ती दुरुस्ती झाली. तिला अर्ज लागत नाही. बिल जपून ठेवा, विषय संपला. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथंच संपतं, तरी कोणीतरी त्यांना "परमिशन काढून आण" म्हणून पिटाळलेलं असतं.

दुसऱ्या टोकाला चार-पाच इंच लिफ्ट, चासीला वेल्डिंग, दुसऱ्या मॉडेलचा एक्सल, मडगार्डाबाहेर निघणारे टायर. इथं अर्जाची फी वाया घालवू नका. उरतं ते मधलं: कंपनीनंच तुमच्या मॉडेलसाठी दिलेला जड पाटा, हेल्पर पाटा किंवा ब्रेकचा संच. पुढचं सगळं मुख्यतः या मधल्या लोकांसाठी.

पाटे वाढले म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही

सगळ्यात जास्त अर्ज या एका गैरसमजावर पडतात. पाटे टाकले, आता आरसीवर वजन वाढवून द्या, अशी मागणी असते. आरसीवरचं एकूण वजन आरटीओतला साहेब ठरवत नाही. कंपनी गाडीचं मॉडेल पुण्याच्या एआरएआय किंवा सीआयआरटीसारख्या संस्थेकडून तपासून घेते, तिथं ते वजन ठरतं. त्यात पाटे असतात, तसे एक्सल, टायर, चासी, स्टिअरिंग आणि ब्रेकही असतात. तुम्ही साखळीची एक कडी जाड केली, बाकीच्या तशाच राहिल्या.

उलट हिशेब तर कोणी सांगतच नाही. एकूण वजनाचा आकडा पक्का आहे. पाटे, मोठे यू-बोल्ट, लोखंडी बंपर मिळून रिकामी गाडी ४० किलोनं जड झाली, तर कायद्यानं तुम्हाला माल ४० किलो कमी भरायचा आहे! जास्त भरलात तर कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये, वर दर जादा टनाला २,००० रुपये, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. उभी गाडी किती उचललेली आहे हे तिथं कोणी विचारत नाही, काट्यावरचा आकडा विचारतात. रिकाम्या गाडीचं वजन बदललं असेल तर वजनकाट्याची पावतीही लागते. जिनिंगच्या काट्यावर करून घेतलीत तर पावतीवर गाडी नंबर आणि तारीख छापून आली आहे का, ते तिथंच पाहा.

जो कागद कोणाकडंच नसतो

कमानीवाल्याचं बिल मी पुष्कळ पाहिलं आहे. वहीचं अर्धं पान. 'पाटे २, सेंटर बोल्ट १, मजुरी' आणि खाली बेरीज. गाडी नंबर नाही, चासी नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. माणूस कामाला पक्का असतो, पाट्याचा बाक नुसत्या नजरेनं ओळखतो, पण त्याच्या या कागदावर कोणी शिक्का मारत नाही.

लागतात ते दोन कागद. पहिला, पक्कं बिल: पार्ट नंबर, गाडी नंबर, चासी नंबर असलेलं. दुसरा कागदच खरी डोकेदुखी. हा भाग या मॉडेलच्या या व्हेरियंटला कंपनीनं मान्य केलेला आहे, असं पत्र. डीलरच्या काउंटरवर विचारा, उत्तर ठरलेलं: "असं लेटर आम्ही देत नाही." तिथं वाद घालू नका. चासी नंबर आणि पार्ट नंबर लिहून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून ठेवा. पत्रातलं व्हेरियंटचं नाव आरसीतल्या नावाशी अक्षरशः जुळलं पाहिजे. बोलेरो कॅम्परची आरसी आणि बोलेरो पिकअपचं पत्र असा जोड मी दोनदा नाकारलेला पाहिला आहे. कंपनी लेखी 'नाही' म्हणाली, तर तेही उत्तरच आहे. तो पार्ट टाकू नका.

एका गरीब माणसाला खिडकीवरून सांगितलं गेलं, "पुण्याहून टेस्ट करून आणा." कार्यालयाचं नाव घेत नाही, पण हे वाक्य फार सहज फेकलं जातं. अशी चाचणी करून घेणं हे कंपनीचं, नाहीतर किट बनवणाऱ्याचं काम. एका गाडीच्या मालकानं विदर्भातून पिकअप हाकत पुण्याला न्यायची ही गोष्ट नाही. सांगणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

ते १४ दिवस

कलम ५२ मध्ये १४ दिवसांची मुदत आहे आणि ती उलटी वाचली जाते. लोक समजतात, आधी करून टाका, मग १४ दिवसांत कळवलं की झालं. तसं नाही. मंजुरीशिवाय बदल झालाच असेल तर तो १४ दिवसांत कळवण्याचं ते बंधन आहे. कळवलं म्हणून नियमात न बसणारा बदल नियमात बसत नाही. दिवसही काम झाल्यापासून मोजायचे. बिल मागाहून बनवून घेतलं तर त्यावरच्या तारखेपासून नाही. शहाणपणाचा क्रम असा: आधी कंपनीचं पत्र, मग कार्यालयात लेखी विचारणा, मग गॅरेज.

न सांगता केलेल्या बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १८२अ आलं आहे. न चालणाऱ्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'प्रत्येक' हा शब्द लोक वाचत नाहीत. लिफ्ट एक, मागची डिस्क दोन, टायर तीन.

ब्रेकमध्ये दोन जागा

बऱ्याच पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी एक्सलला जोडलेली असते. माल भरला, चासी खाली बसली, की दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी, म्हणजे मागची चाकं जाम होऊन गाडी फिरत नाही. आता तुम्ही पाटे टाकून चासी दोन इंच वर घेतली. गाडी भरलेली असली तरी व्हॉल्व्हला वाटतं रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी लावतो. सगळा भार पुढच्या ब्रेकवर. घाट उतरताना "नवीन पाटे टाकल्यापासून ब्रेक कमी लागते" म्हणणारे कितीतरी जण लायनर बदलत बसतात. दोष दांडीत असतो. कंपनीच्या मापाप्रमाणे ती बसवून घ्या आणि तसं बिलावर लिहून घ्या. काही मेकॅनिक दांडी तारेनं बांधून टाकतात. पासिंगला निरीक्षक खाली वाकला, की ती तार आधी दिसते.

दुसरी जागा हँडब्रेक. मागचे ड्रम काढून डिस्क लावताना हँडब्रेकची केबल लोंबकळत राहते, कारण ती ड्रममधल्या शूला जोडलेली होती. चढावर गाडी उभी न राहणं हे फिटनेस नापास व्हायला पुरेसं आहे. कंपनीनं तुमच्या मॉडेलला मागं डिस्क दिलेलीच नसेल, तर हा नाद सोडा. चांगले ड्रम, योग्य लायनर, वेळेवर बदललेलं ब्रेक ऑइल आणि उतारावर खालचा गिअर यांत घाटाचं बरंचसं काम भागतं.

अर्ज कोण करू शकतो

फक्त आरसीवरचा मालक. गाडी वडिलांच्या नावावर आणि वडील वारले असतील, तर आधी वारसाच्या नावावर करा. मृत्यूची माहिती ३० दिवसांत द्यायची आणि फॉर्म ३१ चा अर्ज तीन महिन्यांत. विकत घेतली पण नावावर केली नाही, असं असेल तर पाट्यांचा विषय नंतर. आरसीवर बोजा असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते, "हप्ते रेग्युलर आहेत" हे तोंडी चालत नाही. आणि अर्ज तुम्ही राहता तिथल्या कार्यालयात. गाडी नागपूरच्या एमएच-३१ वर आणि तुम्ही राहता गडचिरोलीत, तर आधी पत्ता बदला.

मग तो ओटीपी. शोरूमनं गाडी देताना स्वतःचाच, नाहीतर एजंटाचा मोबाइल टाकलेला असतो. ओटीपी नागपुरात कोणाच्या तरी फोनवर वाजतो आणि अर्जदार माझ्यासमोर फोन हातात धरून बसतो. अर्जाच्या आदल्या आठवड्यात मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्या. आधारवरचं नाव आरसीशी जुळतं का तेही बघा. 'राव', 'जी' या शेपटांनी कितीतरी अर्ज मागं आले आहेत.

बाकीचं सरळ आहे. परिवहनच्या पोर्टलवर गाडी नंबर आणि चासीचे शेवटचे पाच अक्षर-अंक टाका, बदलाची सेवा निवडा, कागद चढवा, फी भरा, तारीख घ्या. सोबत आरसी, विमा, पीयूसी, चासीची पेन्सिल प्रिंट, आणि गाडी ट्रान्सपोर्टमध्ये असेल तर चालू फिटनेस. ट्रान्सपोर्ट गाडी ८ वर्षांपुढची असेल तर पर्यावरण कर भरलेला हवा. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर काम तिथंच थांबतं.

गाडी तपासणीला नेण्याआधी यू-बोल्ट पुन्हा कसून घ्या. नवे पाटे दोन-तीन खेपांत बसतात आणि बोल्ट ढिले होतात. हेडलाइटही बघा. मागून गाडी उचलली की पुढचं तोंड खाली जातं आणि प्रकाश जवळच पडतो.

"पासिंगपुरता पाटा काढतो, मंग टाकतो परत" हा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच. मलाही रोज विचारतात. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर गाडी आहे तशी पाहतो, पासिंगच्या दिवशी होती तशी नाही. बदल मंजूर झाला, की नवी आरसी घेऊन विमा कंपनीला लेखी कळवा आणि पॉलिसीवर नोंद झाल्याचा कागद मागून घ्या. फोनवर "हो, टाकलं" म्हणतात. कागद येईपर्यंत ते टाकलेलं नसतं.